चौकटींतले दुखणे

दिवाळी अंक घरात आला की बहुतेक मंडळी आधी व्यंगचित्रे पाहतात आणि मग अनुक्रमणिकेकडे वळतात. आजोबांना आणि शाळकरी नातवाला एकाच वेळी पुरेल असा दुसरा मजकूर अंकात क्वचितच असतो. या चित्रांतली पात्रे आपल्या ओळखीची असतात. लाटणे घेतलेली बायको असते, विसरभोळा प्राध्यापक असतो, आणि त्यांच्याच रांगेत दुखणाईतही उभा असतो. प्लॅस्टरमधला पाय टांगून पडलेला रोगी, भलत्याच प्रश्नाला भलतेच उत्तर देणारा बहिरा, डोक्यावर कागदी टोपी घालून स्वतःला नेपोलियन समजणारा वेडा. पुण्याकडे येरवडा आणि मुंबईकडे ठाणे ही नावे विनोदात कोणत्या अर्थाने येतात हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

या चित्रांवर रागवावे असा माझा हेतू नाही. दुखण्याला हसणे ही माणसाची जुनी खोड आहे आणि पुष्कळदा तिच्यानेच दुखणे सोसवते. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या सर्व चित्रांत दुखणाईत बाहेरून पाहिलेला असतो. आपण खाटेच्या पायथ्याशी उभे असतो, उशीशी कधीच नसतो. तेव्हा विचारावयाचे ते एवढेच, की चित्राला दुखण्याच्या आत शिरता येते काय? आणि येत असेल तर मराठी चित्र अद्याप उंबरठ्यावरच का उभे आहे?

व्यंगचित्राखेरीज दुखण्याची आणखी एक प्रकारची चित्रे आपण नेहमी पाहतो. पौडावरून ताम्हिणीकडे जाताना मुळशीच्या जलाशयाच्या बाजूला माले गाव लागते. तेथील काय किंवा दुसऱ्या कोणत्याही गावचे काय, सरकारी दवाखान्यात बाकावर नंबर येण्याची वाट पाहत बसले की नजर भिंतीवर जाते. बाळाच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब पडताना दिसतात. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा दाखवून कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावयास सांगितलेले असते. साप चावला तर मांत्रिकाकडे जाऊ नका, खोकला हटत नसेल तर थुंकी तपासून घ्या, असे बजावलेले असते. या चित्रांचे उपकार थोडे नाहीत. ज्यांना अक्षर येत नव्हते अशा पिढ्यांना त्यांनी जपले आहे. याच जातीची, पण कितीतरी अधिक सहृदय अशी कामगिरी अदिती गुप्ता आणि तुहिन पॉल यांच्या ‘मेन्स्ट्रुपीडिया’ या चित्रपुस्तकाने केली. २०१४ च्या सुमारास अहमदाबादेहून निघालेल्या या पुस्तकात काही मैत्रिणी आणि एक डॉक्टर ताई मासिक पाळीविषयी मोकळेपणाने बोलतात. मराठीसह अनेक भाषांत ते गेले आणि जे आईला मुलीशी बोलवत नव्हते ते चित्रांनी बोलून टाकले.

तरीही भिंतीवरचे चित्र आज्ञार्थात बोलते. हे करा, ते करू नका. त्याला रोग्याला काही सांगावयाचे असते, रोग्याकडून काही ऐकावयाचे नसते. म्हणजे एक चित्र आपल्याला रोग्याला हसावयास शिकवते आणि दुसरे रोग्याला शहाणे करते. रोगी स्वतः बोलतो असे तिसरे चित्र मात्र आपल्या नजरेस फारसे पडत नाही.

ते तिसरे चित्र कसे असेल, याची किल्ली आपल्याच एका म्हणीत आहे. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. या म्हणीत उपदेश नाही, विनोदही नाही. आहे ते काळाचे चित्र. आणि काळ कागदावर मांडणे हेच तर चौकटींच्या चित्रकथेचे, मुले जिला कॉमिक म्हणतात तिचे, खरे काम. एक अख्खे पान व्यापणारी चौकट काढली की तो हत्तीचा पाय झाला. पुढच्या पानावर तीच खाट, तीच खिडकी, तोच पाण्याचा तांब्या अशा चोवीस इवल्या चौकटी काढल्या की मुंगी चालू लागली. कादंबरीकाराला ‘दिवस जाता जात नव्हता’ असे लिहून पुढे सरकावे लागते. चित्रकाराला तो न जाणारा दिवस वाचकाच्या डोळ्यांकडून चालवून घेता येतो. शिवाय दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी राहते, तिच्यात काय घडले ते वाचकाने मनाशी जुळवावयाचे असते. ज्याला फेफरे येते त्याच्या आयुष्यात अशा कोऱ्या पट्ट्या असतातच. तो उभा होता, आणि आता तो जमिनीवर आहे. मधले त्याला ठाऊक नाही. गद्याला हे समजावून सांगावे लागते, चित्रकथेला मात्र एक पट्टी पुरते.

परदेशी चित्रकारांनी हे सामर्थ्य ओळखले त्याला आता बराच काळ लोटला. डेव्हिड बी. या फ्रेंच चित्रकाराने आपल्या थोरल्या भावाच्या अपस्माराची कथा १९९६ ते २००३ या काळात सहा भागांत काढली. तीत रोग हा एक लांबलचक सर्प होऊन घरात वावरतो. आईवडील पथ्ये पाळतात, बुवांना गाठतात, मुलाला घेऊन या आश्रमातून त्या आश्रमात जातात. हे सारे वाचताना मराठी वाचकाला आपण फ्रान्समध्ये आहोत असे क्षणभरही वाटणार नाही. कोणाच्या ना कोणाच्या घरी हा प्रवास आपण पाहिलेलाच असतो. अमेरिकेत ब्रायन फाइस याने २००४ साली आईच्या कर्करोगाची चित्रकथा आपले नाव न देता इंटरनेटवर प्रसिद्ध केली. पुढे तिचे पुस्तक झाले. आईच्या आजारपणात भावंडे एकमेकांशी भांडतात, तेव्हा तो त्यांना अचाट शक्तीच्या वीरांचे पोशाख चढवतो. इस्पितळाच्या व्हरांड्यात सख्ख्या भावंडांची झालेली बोलाचाली ज्याने ऐकली आहे त्याला हे चित्र हसवील आणि लगेच गप्पही करील. जपानात केइको तोबे हिने स्वमग्न मुलाच्या आईची कथा २००० पासून वर्षानुवर्षे क्रमशः चालवली. २०१० मध्ये तिच्या मृत्यूनेच ती थांबली. ब्रिटनमधील डॉक्टर व चित्रकार इयन विल्यम्स यांनी २००७ मध्ये या साऱ्या प्रकाराला ‘ग्राफिक मेडिसिन’ असे नावही दिले, आणि तेव्हापासून वैद्यकाचे शिक्षकही या चित्रकथांकडे गांभीर्याने पाहू लागले. रोग्याची तक्रार टिपून घेणे आणि रोग्याचे म्हणणे ऐकणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्यांना अशा पुस्तकांतून शिकवता येते.

आपल्या मुलखात असे काही घडलेच नाही असे नाही. अमृता पाटील या गोव्यात वाढलेल्या चित्रकर्तीचे ‘कारी’ हे इंग्रजी पुस्तक २००८ साली निघाले. त्याची पार्श्वभूमी मुंबईची आहे. आरंभीच दोन मुली उंचावरून उडी घेतात. दोघी वाचतात, एक परदेशी निघून जाते आणि दुसरी, कारी, या शहरात उरते. तिच्या उरण्याची ही कथा. तीत एंजल नावाची एक स्त्री येते. ती कर्करोगाने मरावयास टेकलेली आहे. तिला सहानुभूती नको आहे. कारी तिच्यापाशी बसते, एवढेच. काळ्या-पांढऱ्या पानांत मध्येच रंग उसळतो आणि पुन्हा विझतो. मनाला आलेली मरगळ आणि तीतून क्षणभर वर येणारे डोके यांचे वर्णन म्हणून ही रंगयोजना मला शब्दांहून खरी वाटते. मरू पाहिलेली एक मुलगी आणि मरत असलेली एक बाई यांची मैत्री रडारड न करता सांगणे हे सोपे काम नव्हे. चित्रकर्तीला ते साधले, कारण चित्रांना समारोपाचे भाषण करावे लागत नाही.

दुसरे उदाहरण पुस्तकातले नाही, चित्रपटातले आहे. अमोल गुप्ते यांनी लिहिलेला ‘तारे ज़मीन पर’ (२००७) आपण सर्वांनी पाहिला आहे. ईशानला अक्षरे वाचता येत नाहीत, ती त्याच्यापुढे नाचतात. त्याला पाचगणीच्या वसतिगृहात ठेवले जाते. हा मुलगा वहीच्या पानापानावर लहान लहान चित्रे काढतो. पाने भराभर उलटली की चित्रे हलू लागतात, आणि एक छोटी आकृती आपल्या कुटुंबापासून दूर दूर जाताना दिसते. मुलाच्या मेंदूची ठेवण निराळी आहे हे मोठ्यांना कळावयाच्या आधीच त्याने आपले सारे म्हणणे मांडून ठेवलेले असते. फक्त ती पाने उलटावयास कोणीतरी हवे होते.

मराठी मातीत चित्रमालिकेने दुखणे सांगितल्याचा याहून नेमका दाखला मला माहीत नाही. आणि चित्रपट जेथे मला उणा वाटतो तेही याच दाखल्यावरून सांगता येईल. अखेरीस शाळेत चित्रस्पर्धा होते, ईशानला बक्षीस मिळते, सगळे टाळ्या वाजवतात, आपणही डोळे पुसतो. पण बक्षिसाचे ते चित्र लोकांनी पाहावे म्हणून काढलेले आहे आणि वहीतली चित्रे राहवले नाही म्हणून काढलेली आहेत. पहिले चित्र मुलाला गुणी ठरवते. दुसरे त्याला माणूस म्हणून आपल्यासमोर आणते. निराळ्या मुलाच्या अंगी काहीतरी लोकोत्तर गुण असलाच पाहिजे, अशी अट आपण नकळत घालतो, आणि मग ज्याला चित्रही काढता येत नाही, गाताही येत नाही, त्या मुलाचे काय, हा प्रश्न टाळ्यांत बुडून जातो.

त्या मुलाकडे पाहावयाचे तर मुळशी तालुक्यातच कोळवणला जावे. तेथे ‘साधना व्हिलेज’ ही संस्था १९९४ पासून काम करीत आहे. ज्यांना पूर्वी मतिमंद म्हणत अशी प्रौढ माणसे तेथे घर करून राहतात. अशा जगण्यात स्पर्धा नसते, बक्षीस नसते, शेवटच्या पानावर रोग बरा झाला असेही नसते. असतो तो रोजचा दिवस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांनाही स्थान दिले. कायद्याने नाव दिले हे चांगलेच झाले. परंतु नाव मिळाले म्हणून दिवस दिसत नाही. तो दाखवावा लागतो.

येथेच मला चित्रमालिकेविषयी जे सांगावयाचे आहे ते येते. नाटकाला, चित्रपटाला, कथेला उत्कर्षबिंदू लागतो, म्हणून त्यांतला रोगी एक तर बरा होतो किंवा मरतो. हत्ती आला आणि हत्ती गेला. दीर्घ दुखणे मात्र मुंगीच्या चालीचे असते आणि निराळी ठेवण तर जन्मभराची असते. तिला शेवट नसतो. वर्तमानपत्रातील रोजच्या तीन-चार चौकटींनाही शेवट नसतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये पुण्यात ‘सकाळ’मध्ये अवतरला आणि मराठी घरांनी त्याला वर्षानुवर्षे चहाबरोबर वाचले. काही विशेष न घडता एक मूल आपल्या इतके जवळचे होऊ शकते, हे त्याने सिद्ध करून ठेवले आहे. आता त्याच गल्लीत, त्याच क्रिकेटच्या खेळात, मोठ्या आवाजाने कान झाकून घेणारा एक मित्र असावा. त्याच घरात, सून कोण आणि मुलगी कोण हे विसरू लागलेली एक आजी असावी. कोणी बरे होऊ नये, कोणाला बक्षीस मिळू नये. रोज तीन चौकटी. वर्षाअखेर तो मित्र आणि ती आजी आपल्या घरची झालेली असतील.

यावर आक्षेप येईल, की घरचे दुखणे चव्हाट्यावर मांडणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. आक्षेप पोकळ नाही. भावाचे किंवा आईचे दुखणे काढणाऱ्याने त्यांच्या अब्रूचाही विचार केलाच पाहिजे. जे बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने रेषा ओढताना हात थोडा थरथरलेला बरा. पण झाकून ठेवल्याने अब्रू राखली जाते, हा अनुभव मात्र फारसा कोणाचा नसावा. झाकलेल्या दुखण्याची किंमत बहुधा घरातली एखादी बाई एकटी मोजत असते. दुसरा आक्षेप असा, की चित्राने दुखणे हलके होते. ते खरेच आहे, आणि त्यात वावगे काय? हलके होणे म्हणजे क्षुल्लक होणे नव्हे. पाटीतले ओझे दोघांनी उचलले तर तेही हलकेच होते.

आपल्याकडे या कामासाठी रेषा नाही असे कोणी म्हणू नये. पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून रात्र रात्र कथा सांगत आले आहेत. शि. द. फडणीसांनी एक शब्दही न लिहिता सबंध महाराष्ट्राला हसवले, आणि बालभारतीच्या पुस्तकांतून गणिताला भिणाऱ्या मुलांची भीतीही घालवली. वसंत सरवट्यांना तर ‘रेषालेखक’ म्हणावे लागले, कारण चित्रकार हा शब्द त्यांना अपुरा पडत होता. इतक्या समर्थ रेषेला अद्याप उशीशी बसावयाचे आमंत्रण मिळालेले नाही, इतकेच. ते आमंत्रण संपादकांनी द्यावयाचे आहे. दिवाळी अंकांची कितीतरी पाने दरवर्षी व्यंगचित्रांना मिळतात. त्यांतली चार पाने ज्याला फेफरे येते त्याने, जिचा मुलगा बोलत नाही त्या आईने, रात्रपाळीच्या परिचारिकेने काढलेल्या चौकटींना द्यावीत. रेषा वाकडी आली तरी चालेल. फराळाचे ताट बाजूला सरकवून घरातली मंडळी ती पाने पाहतील, कोणी एकजण काहीच न बोलता पुन्हा पाहील, आणि ती पाने कोणासाठी छापली होती ते आपल्याला कळेल.