बाजार, नाव आणि नोंद : इटालियन कलापरंपरेच्या संदर्भात झाडीपट्टी

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या वनप्रदेशात दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या आणि होळीच्या सुमारास ओसरणाऱ्या नाट्यव्यवहारास ‘झाडीपट्टी रंगभूमी’ म्हटले जाते. अभ्यासकीय लेखनात तिची नोंद बहुधा लोककलेच्या सदराखाली होते. दंडार व खडी गंमत यांच्याशी असलेले तिचे नाते लक्षात घेता हे स्वाभाविकच आहे. तथापि, या वर्गीकरणामुळे एक मूलभूत बाब नजरेआड होते. ही रंगभूमी तिकिटावर चालते. गावातील मंडळ वडसा (देसाईगंज) येथील नाट्यसंस्थेशी रक्कम ठरविते, मंडप उभारते, तिकिटे विकते आणि नफा-तोट्याची जोखीम पत्करते. दिवसा शंकरपट व रात्री नाटक, या जोडीवर गावोगावचे पाहुणे जमतात. अशा व्यवहाराला लोककलेचे निकष लावणे अपुरे ठरते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलेले ‘शाकुंतल’ही नाटक मंडळीचेच होते, परंतु त्यास कोणी लोककला म्हणत नाही.

झाडीपट्टीचे सगोत्र शोधायचे झाल्यास सतराव्या शतकातील व्हेनिसकडे पाहावे लागेल. मोंतेवेर्दीचा ‘ओर्फेओ’ १६०७ मध्ये मांतुआच्या राजदरबारी, निमंत्रितांसमोर सादर झाला. १६३७ मध्ये व्हेनिसच्या सान कास्सियानो नाट्यगृहाने पैसे भरणाऱ्या कोणाही प्रेक्षकास ऑपेराचे दार उघडले आणि या कलाप्रकाराचे स्वरूपच पालटले. कार्निव्हल हा त्याचा मुख्य हंगाम. श्रीमंत घराणी वर्षासाठी सज्जे भाड्याने घेत आणि सामान्य प्रेक्षक तिकीट काढून खाली बसत. गायकांचे मानधन, रंगमंचावरील यंत्रे आणि प्रतिस्पर्धी नाट्यगृहांची चढाओढ यांवर संचालकांचे गणित अवलंबून असे. ज्याला आज जग अभिजात संगीतनाट्य मानते, ते अशा रीतीने बाजारात वाढले.

झाडीपट्टीवर घेतले जाणारे आक्षेप सर्वपरिचित आहेत. करुण प्रसंगामागोमाग येणारा विनोद, कथानकास न जुमानणारी गाणी, ‘वन्स मोअर’पुढे थांबणारे नाट्य, नटांच्या नावावर होणारी विक्री. हीच दूषणे एकेकाळी ऑपेरालाही लागली होती. स्वतः संगीतकार असलेल्या बेनेदेत्तो मार्चेल्लोने १७२० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या उपहासपर पुस्तकात कवी, गायक, यंत्रकार यांपैकी कोणालाही सोडले नाही. बरोक एकलगीताच्या प्रचलित रचनेत पहिला भाग पुन्हा येई व त्या वेळी गायक स्वतःच्या हरकतींनी तो सजवी. पुनरावृत्ती हा तेथे दोष नव्हता, ते रचनेचेच अंग होते. विनोदाबाबतचा इतिहास तर अधिक बोधक आहे. व्हेनिसच्या ऑपेरात राजा-राणीच्या शोकाशेजारी म्हातारी दाई व चाकर यांचे हास्यप्रसंग सर्रास असत. १७०० च्या सुमारास सुधारकांनी गंभीर ऑपेरातून ते वगळले. तथापि वगळलेला विनोद नाहीसा झाला नाही. तो दोन अंकांमधील स्वतंत्र लघुनाट्यात गेला आणि पेर्गोलेसीच्या १७३३ च्या ‘ला सेर्वा पाद्रोना’मध्ये त्याने स्वतःचे रूप मिळविले. झाडीपट्टीतील विनोद ‘शुद्ध’ करू पाहणाऱ्यांनी हा दाखला विचारात घ्यावयास हवा. अर्थात द्व्यर्थी संवादांची सगळीच भरताड समर्थनीय ठरते असे नव्हे. सुमार ऑपेराही त्या काळी ढिगाने झालेच.

मग भेद कोठे आहे? कलावंतांच्या कुवतीत तो शोधणे व्यर्थ होय. इटलीने बाजाराला नाव व नोंद यांची जोड दिली, हा खरा भेद आहे. ऑपेराबाहेरही तो दिसतो. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी जिओव्हान्नी बात्तिस्ता जोर्जिनी या निर्यात-व्यवसायिकाने फ्लॉरेन्समध्ये परदेशी खरेदीदारांपुढे इटालियन वेशरचनाकारांचे प्रदर्शन भरविले आणि तोवर पॅरिसच्या सावलीत असलेल्या वस्त्रकलेस स्वतःचे नाव मिळाले. कोमो येथील उद्योग आज मुख्यतः चीनमधून आणलेल्या कच्च्या रेशमावर चालतो, तरीही ते ‘कोमोचे रेशीम’ म्हणूनच विकले जाते. याउलट गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसरात ढिवर समाजातील कुटुंबे ऐन व अर्जुन वृक्षांवर टसर कोसा पिकवितात. अळीची राखण, पाखरांपासून बचाव, जंगलातील मुक्काम हे सर्व त्यांच्या वाट्याला येते. दुकानातील साडीवर मात्र त्यांच्या गावाचे नाव क्वचितच आढळते.

मद्याच्या बाबतीत तुलना अधिक अवघड होते. द्राक्षांचा रस काढून उरलेल्या चोथ्यापासून गाळलेली ग्राप्पा ही उत्तर इटलीतील गरीब शेतकऱ्यांची दारू होती. १९७३ मध्ये फ्रिउली प्रांतातील नोनिनो दांपत्याने पिकोलित या एकाच जातीच्या द्राक्षाची ग्राप्पा काचेच्या देखण्या बाटलीत आणली व तिचा दर्जा पालटला. मोहाच्या दारूबाबतही असे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथील उत्पादन त्यांपैकी एक. परंतु गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे गावोगावच्या स्त्रियांचा लढा आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली, तीही वादातच. मोहफूल गोंड समाजाच्या पूजाविधीचा भाग आहे, हेही तितकेच खरे. येथे नोनिनोंचा दाखला जसाच्या तसा लावता येत नाही. बाटली देखणी झाली म्हणून घरातील मारहाण थांबत नाही.

नाटकाबाबत अशी अडचण नाही. व्हेनिसमध्ये ऑपेराची संहिता छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापली जाई आणि प्रेक्षक मेणबत्तीच्या उजेडात ती वाचत. त्या काळच्या अनेक ऑपेरांचे संगीत आज हरवले आहे. पुस्तिका मात्र मोठ्या प्रमाणात टिकल्या. त्यांवर वर्ष, नाट्यगृह, कवी, आश्रयदाता यांची नोंद असल्याने इतिहास उभा राहू शकला. झाडीपट्टीत डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी पायाभूत काम केले आहे आणि परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. सन्मान व्यक्तीचा झाला, परंतु नाट्यकृतींचे परीक्षण मागेच राहिले. हस्तलिखित वह्या, रंगीत भित्तिपत्रके, मंडळांचे जमाखर्च, ऑर्गनवादकांच्या स्मरणातील चाली हे साहित्य घरोघरी विखुरलेले आहे. हंगाम संपला की भित्तिपत्रके पावसात भिंतीवरच विरघळतात आणि त्यांसोबत लेखक, गायक व गावाचे नावही जाते. परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना ती उतरवून घेण्यासाठी वडशाहून फार दूर जावे लागणार नाही.