वृंदगान: एकत्र गाणे आणि एकसारखे गाणे

या पाठात आपण एकच प्रश्न तपासणार आहोत. पुष्कळ माणसे एकत्र गातात तेव्हा आपल्याला अनेक आवाज ऐकू येतात, की एकच मोठा आवाज? वृंदगानाचे मूल्यमापन करताना हा प्रश्न टाळला, तर आपण गाण्याऐवजी गाण्याच्या आशयालाच गुण देऊन मोकळे होतो. उदाहरण दिल्लीचे घेऊ.

दिल्लीतील धागा

विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरी एकेकट्याला मिळणारी विद्या त्यांनी वर्गात आणली आणि वर्ग म्हटला की सर्वांनी मिळून गाणे ओघानेच आले. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी 1932 मध्ये पुण्यात, तर विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. दिल्लीच्या या संस्थेतूनच गांधर्व क्वायर उभा राहिला. पुढे त्याचे संचालन मधुप मुद्गल यांच्याकडे आले.

मौद्गल्यांचे नाव ठाऊक नसले, तरी त्यांचे शब्द तुम्ही ऐकले असतील. 'हिंद देश के निवासी' हे गीत त्यांचे. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'एक अनेक और एकता' (1974) या फिल्म्स डिव्हिजनच्या अनुबोधपटात ते येते. संगीत वसंत देसाई यांचे आहे.

या गीताकडे जरा बारकाईने पाहा. शब्द वेगळेपणाचे आहेत: फुले निरनिराळी, पण माळ एक. चाल मात्र सर्वांना एकच. मुले मुख्यतः एकाच स्वरओळीत गातात. शब्द 'अनेक' म्हणतात, संगीत 'एक' म्हणते. मुलांच्या तोंडी चटकन बसणाऱ्या गाण्यासाठी हा निर्णय योग्यच होता. वृंदगानाची मजल मात्र तेवढीच आहे असे समजू नये.

प्रत्येक आवाजाला जागा

तुलनेसाठी अमेरिकेतील मिल्स ब्रदर्स घ्या. ओहायो राज्यातील पिक्वा गावचे हे चार भाऊ. तोंडानेच ट्रम्पेट, ट्यूबा अशा वाद्यांचे आवाज काढत गाण्याबद्दल ते प्रसिद्ध झाले. 1931 च्या 'टायगर रॅग'ने त्यांचे नाव झाले आणि 1943 मध्ये 'पेपर डॉल' अफाट गाजले. मधल्या काळातील एक घटना आपल्या प्रश्नाला थेट भिडते. 1936 मध्ये खर्जात गाणारा भाऊ जॉन वारला. गट टिकवायचा, तर नेमका तोच आवाज भरून काढणे भाग होते. शेवटी वडील त्या जागी उभे राहिले.

आता शाळेतील प्रार्थना आठवा. साठ मुलांतील एक गैरहजर असेल, तर गाण्यात काय उणे पडते? काहीच नाही. एकत्र गाणे आणि एकसारखे गाणे यांतील फरक इथे आहे.

राग अडतो कुठे?

मग आपणही चार वेगळ्या स्वरओळी का लिहू नयेत? अडचण खरी आहे, ती आळसाची नाही. भूप घ्या: सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. चालीच्या प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या वरचा तिसरा स्वर दुसऱ्या गटाला दिला, तर सा बरोबर ग येतो, ग बरोबर प येतो, ध बरोबर वरचा सा येतो. इथवर ठीक. पण रे बरोबर म येतो आणि प बरोबर नी. दोन्ही वर्ज्य! भूप तिथेच मोडला. वर्ज्य स्वर टाळून दुसरा गट धैवतावर रेंगाळत ठेवला, तर स्वर तेच राहून छाया देशकाराची पडू लागते. म्हणजे हार्मनी केवळ भर घालत नाही, ती रागाचे वजन हलवते.

सलील चौधरी यांनी 1958 मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे यूथ क्वायरचा मार्ग वेगळा होता. पाश्चात्त्य संगीत लहानपणापासून कानावर पडलेला हा रचनाकार स्वरमेळाच्या अंगानेच विचार करी. राग हीच चौकट मानणाऱ्याला इतर साधने शोधावी लागतात: एका गटाने तानपुऱ्यासारखा षड्ज-पंचम धरून ठेवणे, मंद्र आणि तार सप्तकांची विभागणी, सवाल-जवाब, किंवा तीच ओळ दुसऱ्या गटाने थोडी मागाहून उचलणे. ही साधने आपल्याला परकी नाहीत. पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी यांच्या जागा मुळातच वेगळ्या असतात.

मूल्यमापन

गांधर्व क्वायरचे महत्त्व माझ्या मते यात आहे की, वृंदाची सूत्रे रागसंगीतात घडलेल्या गायकाच्या हाती राहिली. त्यामुळे स्वरलगाव, श्वास आणि शब्दोच्चार यांची शिस्त वृंदगानाला मिळते आणि ते संचलनगीत होण्यापासून वाचते. उणीव आहे ती श्रोत्यांत, म्हणजे आपल्यात. वृंदगान आपल्याला आठवते ते 15 ऑगस्टला. टाळ्या आशयाला पडतात, रचना कोणी ऐकत नाही. आणि जिथे रचना ऐकली जात नाही, तिथे एकच ओळ पन्नास जणांना देऊन काम भागते.

याची किंमत कोण मोजते? ज्याचा आवाज जाड आहे, ज्याची पट्टी जुळत नाही, तो मुलगा. त्याला मागच्या रांगेत उभे करून 'तू हळू गा' असे सांगितले जाते. एकाच चालीत तो दोष ठरतो. खर्जाची जागा असलेल्या रचनेत तोच आधार ठरला असता. वृंदगानातून एकात्मता शिकवायची असेल, तर ती शब्दांइतकीच या जागावाटपातही दिसली पाहिजे.

स्वाध्याय

1. तुमच्या महाविद्यालयातील एखादे समूहगीत ऐका. त्यात किती स्वतंत्र स्वरओळी आहेत? एक गट गप्प बसला, तर काय हरवते?
2. भूपातील एखादी सोपी सरगम घ्या. वर्ज्य स्वर न वापरता तिला दुसऱ्या गटासाठी एक ओळ लिहा. राग टिकला का, ते गाऊन पाहा.