कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्यांतील सुधारणा आणि लोकमत : एक चिकित्सा

कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्यांत सुधारणा व्हावी, या मागणीमागे लोकमत असल्याचे वारंवार सांगितले जाते. हे लोकमत नेमके कोणाचे व कशाविषयीचे, याची चिकित्सा मात्र अभावानेच होते.

भारतीय दंड संहितेत १९८३ मध्ये समाविष्ट झालेले कलम ४९८-अ हे या चर्चेचे केंद्र होय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये ते जवळजवळ त्याच आशयाने आले. २००५ मध्ये सुशीलकुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाच्या गैरवापरासंदर्भात ‘कायदेशीर दहशतवाद’ असा शब्दप्रयोग केला. तो लोकांच्या तोंडी बसला. त्याच निकालाने कलम वैध ठरविले होते, ही बाब विस्मरणात गेली. राजेश शर्मा प्रकरणात २०१७ मध्ये तक्रारींच्या छाननीसाठी जिल्हावार कुटुंब कल्याण समित्या सुचविल्या गेल्या, २०१८ मध्ये त्या रद्द झाल्या, आणि जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या अशाच समित्यांना सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. न्यायालयीन भूमिकेची ही आंदोलने लक्षणीय आहेत.

गैरवापर होतच नाही, असे नव्हे. परगावी राहणाऱ्या नणंदा व वृद्ध सासू-सासरे यांना सरसकट गोवले जाते, हे न्यायालयांनी अनेकदा नोंदविले आहे. परंतु निर्दोष सुटका म्हणजे खोटी तक्रार, हे समीकरण तर्कदुष्ट आहे. तडजोड, फितूर साक्षीदार व सदोष तपास यांमुळेही खटले कोसळतात.

लोकचर्चेतील याहून गंभीर दोष असा की, कलम ४९८-अ आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिथे एकच मानले जातात. दुसरा कायदा मूलतः दिवाणी स्वरूपाचा आहे. संरक्षण, निवास व आर्थिक साहाय्य यांचे आदेश तो देतो; शिक्षेचा प्रश्न प्रामुख्याने संरक्षण आदेशाचा भंग झाल्यावर उद्भवतो. तुरुंगाची भीती दाखवून त्याच्यावर टीका करणे अनाठायी ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मध्ये वेगळेच लोकमत दिसते. दिलेल्या सात कारणांपैकी किमान एका कारणासाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे, असे सुमारे ४५ टक्के स्त्रिया व ४४ टक्के पुरुष मानतात. त्यांत सासू-सासऱ्यांचा अनादर हे कारण स्त्रियांनी सर्वाधिक ग्राह्य मानले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. जिथे मार हीच रीत समजली जाते, तिथे न नोंदलेल्या तक्रारींचा विचार वगळून केवळ नोंदलेल्या तक्रारींच्या खरे-खोटेपणावर सुधारणेची दिशा ठरविणे एकांगी आहे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जिल्हा व तालुका स्तरावर संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना द्यावे लागले, तेही कायदा अंमलात येऊन १८ वर्षे उलटल्यानंतर. सुधारणेच्या मागण्यांत या अधिकाऱ्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.