रंगवलेली तबकडी

शिवाजी पार्कवर आमच्या शाळेच्या शर्यती असल्या की वेळ घेण्याचे काम माझ्याकडे येते. शाळेचे आकडेवाले स्टॉपवॉच खिशात असतेच. तरी मनगटावर मी माझे जुने, चावीचे क्रोनोग्राफ बांधून जातो. वरचे बटण दाबावे आणि बारावर स्वस्थ उभा असलेला लांब काटा एकदम चालू लागावा, यात जी मौज आहे ती आकडे पळताना पाहण्यात नाही.

मागचे झाकण उघडून भिंगातून पाहिले की या मौजेचे कारण दिसते. बटणासरशी, बुरुजासारखे बारीक खांब असलेले एक चाक एक घर पुढे सरकते. तरफेचे टोक दोन खांबांमधल्या फटीत उतरते आणि एक दातेरी चाक हलकेच दुसऱ्याला जाऊन भिडते. खालचे बटण दाबले की हातोडी हृदयाच्या आकाराच्या तुकड्यावर पडते, व काटा कुठेही असो, थेट शून्यावर येतो. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतींत रियुसेक या घड्याळजीने तबकडीवर शाईचा ठिपका उमटवणारे यंत्र वापरले. ‘काळ लिहिणारा’ हे ग्रीक नाव त्याचेच. शाई गेली, नाव राहिले.

तबकडीवरची आकड्यांची दाटी पुष्कळांना खटकते. मला नाही, कारण तीत शोभेपुरते काही नाही. एक किलोमीटर ३६ सेकंदांत कापला की काटा १०० वर येतो, तोच ताशी वेग. डॉक्टरी तबकडीवर नाडीचे ३० ठोके मोजावेत. २५ सेकंद लागले तर काटा ७२ दाखवतो.

आणि नेमक्या याच तबकडीशी मुंबईने खेळ केला! फेवर ल्युबासारखी स्विस कंपनी १८६५ पासून आपल्याकडे घड्याळे विकत होती. बंगळूरच्या एचएमटीचा कारखाना १९६१ मध्ये निघाला. आयातीवर निर्बंध होते, म्हणून लग्नात मिळालेले घड्याळ जन्मभर पुरवायचे असे. दमट हवेने तबकडी डागाळली की ती रंगवून घेत. आता परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे.

मला हा तुच्छतेचा सूर अर्धाच पटतो. रंगवणाऱ्याने मालकाला फसवले नव्हते; मालकानेच ‘नव्यासारखे करून द्या’ म्हटले होते. फसवणूक सुरू होते ती विकणारा ‘अगदी मूळचे आहे, साहेब’ म्हणतो तेव्हा. पण २०१७ मध्ये पॉल न्यूमन या नटाचे क्रोनोग्राफ न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांवर गेले. त्याच्या पाठीवर, गाडी जपून चालवा, अशी पत्नीने कोरून घेतलेली सूचना आहे. तिकडे घरच्या माणसाची खूण किंमत वाढवते आणि इकडे घालवते, हा अन्याय नव्हे काय? बरेच दिवस मी असेच म्हणत होतो. आता म्हणत नाही. त्या कोरलेल्या अक्षरांनी घड्याळाचे काही पुसले नव्हते, रंगाने पुसले.

हे मला माझ्याच घड्याळाने शिकवले. ते मी एका दुकानातून ‘मूळचे’ म्हणूनच घेतले. निळी तबकडी पाहून भुललो. पुढे पालकांच्या चालण्याच्या शर्यतीत पहिले गृहस्थ २० मिनिटांत आले आणि माझ्या घड्याळाने ३० दाखवली! आतले चाक ३० मिनिटांत फेरी पुरी करते. रंगवणाऱ्याने लहान वर्तुळात ४५ मिनिटांच्या खुणा काढून ठेवल्या होत्या. हात सफाईदार, रेषा सुबक. पण आत काय फिरते हे त्याने पाहिलेच नाही. चाकांना धरून कोणी तबकडी रंगवली असती, तर मी ती आनंदाने जपली असती.

घड्याळ विकले नाही. चौथीच्या मुलांच्या १०० मीटरच्या शर्यतीला तेच बांधतो. लांब काटा मुळीच चुकत नाही, आणि त्या शर्यतीला मिनिट लागत नाही.