दुप्पट परताव्याचे फंड : बंदी, इशारा की परीक्षा?

आजच्या विषयात दोन बाजू ठरलेल्या आहेत. एक म्हणते, पैसा माझा, जोखीम माझी, नियामकानं मध्ये पडू नये. दुसरी म्हणते, सामान्य माणूस यात बुडतो, दार बंद करा. आम्हाला दोन्ही अपुऱ्या वाटतात. का, ते आधी गणितातून पाहू.

लिव्हरेज्ड फंड निर्देशांकाच्या त्या दिवसाच्या हालचालीच्या दुप्पट किंवा तिप्पट परतावा देऊ पाहतो. इन्व्हर्स फंड उलट चालतो. निर्देशांक पडला की हा वाढतो. यातला कळीचा शब्द 'त्या दिवसाच्या' हा आहे. समजा, निर्देशांक १०० वर आहे. आज तो ९० झाला, उद्या पुन्हा १०० वर आला. म्हणजे जागच्या जागी. दुप्पट फंडातले १०० रुपये आज ८० होतात आणि उद्या सुमारे २२ टक्के वाढून ९७ रुपये ७८ पैसे. आता इन्व्हर्स फंड बघा. १०० चे आज ११०, उद्या ११ टक्क्यांची घट, आणि हातात पुन्हा ९७ रुपये ७८ पैसेच! तेजीवाला आणि मंदीवाला दोघेही तोट्यात, तोही सारखाच. खर्च तर आपण अजून धरलाच नाही. बाजार सरळ एका दिशेनं गेला तर हेच गणित फायद्याचं ठरतं, हेही मान्य करायला हवं. म्हणून सरसकट बंदी आम्हाला पटत नाही.

मग इशारा छापून भागेल का? अमेरिकेत एक्सआयव्ही नावाची नोट होती. व्हिक्स हा अस्थिरतेचा निर्देशांक. त्याच्या वायद्यांच्या उलट ती चालायची. दीर्घकाळात हिचं अपेक्षित मूल्य शून्य आहे, असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं होतं. याहून स्पष्ट इशारा कोणता द्यायचा? तरी लोकांनी ती घेतली. ५ फेब्रुवारी २०१८ ला व्हिक्स १७.३१ वरून ३७.३२ वर गेला, नोटेचं ९० टक्क्यांहून जास्त मूल्य गेलं आणि त्याच महिन्यात ती गुंडाळली गेली.

पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एसईसीनं प्रस्ताव मांडला : असे फंड विकण्याआधी ब्रोकरनं ग्राहकाची माहिती घ्यावी, मगच खात्याला मंजुरी द्यावी. विरोधाची हजारो पत्रं आली. २०२० च्या अंतिम नियमात हा भाग गळला. नव्या फंडांच्या उधारीला मर्यादा आली, जुने तिप्पटवाले मात्र राहिले. आमची टीका इथेच आहे. जोखीम फंडाच्या वयावर ठरत नाही, घेणाऱ्याच्या समजुतीवर ठरते. तिची चाचणी तेवढी वगळली गेली.

आपल्याकडे ही हौस फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये भागते. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. त्यानंतर सेबीनं कराराचं किमान मूल्य १५ लाखांवर नेलं आणि साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरती ठेवली. दुसरा उपाय योग्य. रोजचा जुगार त्यानं कमी होतो. पहिल्याबद्दल आम्हाला शंका आहे. १५ लाखांची अट खिसा तपासते, अक्कल नाही. पैसेवाल्यालाही ९७ रुपये ७८ पैशांचं गणित ठाऊक नसतंच की.

दक्षिण कोरियात लिव्हरेज्ड फंड घेण्याआधी ऑनलाइन पाठ पूर्ण करावा लागतो आणि किमान ठेवही दाखवावी लागते. यातला पाठ आम्हाला हवा, ठेव नको.

कुणी म्हणेल, पाठ करूनही माणूस हरतच राहतो. खरंय. सेबीच्याच अभ्यासात सलग तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक खेळत राहिले. म्हणून एकदाची परीक्षा पुरत नाही. दरवर्षी खात्याचं नूतनीकरण करताना ब्रोकरनं ग्राहकाला त्याचा स्वतःचा निव्वळ नफा-तोटा, खर्चासकट, एकाच आकड्यात दाखवावा आणि त्यावर संमती घ्यावी. तो आकडा पाहूनही ज्याला पुढे जायचंय, त्याला जाऊ द्यावं. पण न पाहता कुणी जाऊ नये, एवढं बघणं नियामकाचं काम आहे.