‘रिलिजन’, ‘धर्म’ आणि ‘धम्म’ : एका शब्दाची चिकित्सा

इंग्रजीतील ‘रिलिजन’ हा शब्द इतका रूढ आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. विचारलाच, तर ‘धर्म’ असे उत्तर मिळते आणि विषय तेथेच संपतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मात्र तो तेथे संपू दिला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडाचा आरंभच ‘रिलिजन म्हणजे काय’ या प्रश्नाने होतो. हा शब्द निश्चित अर्थाचा नाही, एकाच शब्दाने अनेक अर्थ वाहिले आहेत, हा त्यांचा पहिला सिद्धान्त होय. या सिद्धान्ताकडे आपल्या अभ्यासकांचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही.

पाश्चात्त्य परंपरेतही या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. रोमन वक्ता सिसेरो याने तो ‘पुन्हा पुन्हा वाचणे, लक्षपूर्वक पाळणे’ या अर्थाच्या धातूपासून साधला. ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस याने ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूपासून साधून मनुष्य ईश्वराशी बांधला जातो, असा अर्थ काढला. मध्ययुगीन युरोपात ‘रिलिजन’ म्हणजे मठवासी संन्याशाचे जीवन असाही अर्थ होता. १८७१ साली टायलरने अदृश्य आत्मिक शक्तींवरील विश्वास ही त्याची किमान व्याख्या ठरविली. १९१२ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम याने ईश्वरावर आधारलेली व्याख्या अपुरी आहे हे दाखविताना उदाहरण घेतले ते बौद्ध मताचेच. ‘फेथ’, ‘क्रीड’, ‘बिलीफ’, ‘वर्शिप’ हे शब्द पर्याय म्हणून वापरले जातात. परंतु त्यांपैकी एक श्रद्धा सांगतो, दुसरा मतपत्रिका, तिसरा समजूत, तर चौथा पूजा. ‘रिलिजन’ हा या सर्वांना पोटात घेतो आणि म्हणूनच नेमके काही सांगत नाही.

मराठीतील ‘धर्म’ या शब्दाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे असो की वऱ्हाडातील दुसरे कोणतेही गाव असो, तेथील माणूस दानधर्म करतो, शेजारधर्म पाळतो, मालाची गाडी धर्मकाट्यावर तोलतो आणि विद्यार्थी पाण्याचे गुणधर्म पाठ करतो. यांपैकी एकाही ठिकाणी ‘रिलिजन’ हा अर्थ नाही. कोठे दान, कोठे कर्तव्य, कोठे खरेपणा, तर कोठे स्वभाव असा अर्थ आहे. त्याच माणसाचा समाजातील दर्जा ज्या शास्त्राने जन्मावरून ठरविला, त्यासही ‘धर्म’ हेच नाव मिळाले. खरेपणा आणि विषमता यांना एकच नाव असल्यामुळे विषमतेला खरेपणाची प्रतिष्ठा आयतीच लाभली. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ सालच्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्वे यांत भेद केला. हिंदू ज्यास धर्म म्हणतात तो विधिनिषेधांचा समूह आहे, असे तेथे त्यांनी दाखविले, ते याच कारणाने.

बाबासाहेबांची स्वतःची शब्दयोजना कालक्रमाने पाहणे उद्बोधक आहे. १९५० साली ‘महाबोधि’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात बुद्धाच्या ‘रिलिजन’चे भवितव्य असाच शब्द आहे. १९५१ साली खासगीरीत्या छापलेल्या मसुद्याच्या नावात ‘गॉस्पेल’ हा शब्द आला. मराठी ख्रिस्ती बांधव त्यास ‘शुभवर्तमान’ म्हणतात. अखेरीस ग्रंथ प्रसिद्ध झाला तो ‘धम्म’ हे नाव घेऊन. दोन इंग्रजी शब्द वापरून पाहिल्यावर त्यांनी पालि शब्द अनुवाद न करता तसाच ठेवला. हा केवळ आवडीचा प्रश्न नव्हता. रिलिजन व्यक्तिगत मानला जातो, धम्म मूलतः सामाजिक आहे. एकटा मनुष्य धम्मावाचून राहू शकेल, परंतु दोघे एकत्र आले की धम्म अपरिहार्य होतो. रिलिजनचा हेतू जगाची उत्पत्ती सांगणे, धम्माचा हेतू जगाची पुनर्रचना करणे. रिलिजनमध्ये नीती मागाहून जोडलेली असते. धम्मात नीती हीच ईश्वराच्या जागी आहे.

येथे मराठी वाचकापुढे एक अडचण उभी राहते. इंग्रजी ग्रंथात ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ हे दोन भिन्न कुळांचे शब्द समोरासमोर उभे आहेत; त्यांचा विरोध डोळ्यांना दिसतो. मराठीत ‘रिलिजन’च्या जागी ‘धर्म’ आला की विरोध उरतो तो ‘धर्म’ आणि ‘धम्म’ यांचा, म्हणजे एकाच शब्दाच्या संस्कृत आणि पालि रूपांचा. वाचकास वाटते, भेद केवळ उच्चाराचा आहे. धर्मानंद कोसंबी यांनी १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ असे शीर्षक योजले तेव्हा हा प्रश्न उद्भवला नव्हता; कारण त्यांना ‘रिलिजन’शी विरोध दाखवावयाचा नव्हता. १९५६ नंतर मात्र अनुवादकावर आणि वाचकावर जबाबदारी आली. शब्द जो भेद दाखवू शकत नाही, तो अर्थाने दाखविला पाहिजे.

ही जबाबदारी आपण कितपत पार पाडली? पत्रिकांवर, फलकांवर, भाषणांतून ‘धर्म’च्या जागी ‘धम्म’ आला, हे स्वागतार्ह आहे. परंतु मुहूर्त तेच, नवस तेच, कर्मकांड तेच आणि वर नाव तेवढे ‘धम्म’ असेल, तर बाबासाहेबांचा सिद्धान्त शुद्धलेखनाच्या नियमाइतका लहान होतो. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात त्यांनी धम्म, अधम्म आणि सद्धम्म असे तीन विभाग पाडले आहेत. ‘धम्म’ हे नाव मिळाले म्हणून परीक्षा संपत नाही, हेच त्यातून सूचित होते.

उलट बाजूचा एक आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. धम्म हा रिलिजन नव्हे, तर जनगणनेच्या ‘धर्म’ या रकान्यात ‘बौद्ध’ का लिहावे? याचे उत्तर असे की कायद्यातील शब्द आणि तत्त्वज्ञानातील शब्द यांची कार्ये भिन्न आहेत. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातील ‘रिलिजन’ हक्काचे क्षेत्र ठरवितो, सत्याचे नव्हे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या रकान्याचे मोल आपल्या समाजाने अनुभवाने जाणले आहे. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची नोंद २,४८७ होती, ती १९६१ मध्ये २७,८९,५०१ झाली. हा इतिहास त्या रकान्यानेच नोंदविला. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच सांगितले होते की या देशात धर्मकल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सारे जीवन व्यापते, म्हणून तिची व्याप्ती मर्यादित केली पाहिजे. अर्थात कायद्यातही हा शब्द त्यांनी जागरूकपणेच हाताळला.

शब्दाचे अर्थ वेगळे करून पाहणे ही आपली जुनी परंपरा आहे. ‘अट्ठसालिनी’त ‘धम्म’ शब्दाचे परियत्ती, हेतू, गुण, निस्सत्तता इत्यादी अर्थ वेगळे काढून दाखविले आहेत. अट्ठकथाकारांनी जे पालि शब्दाबाबत केले, तेच बाबासाहेबांनी इंग्रजी शब्दाबाबत केले. मराठीतील ‘धर्म’ या शब्दाबाबत ते करणे अद्याप शिल्लक आहे आणि ते मराठी बौद्ध अभ्यासकांचे कर्तव्य होय.