वरात, देयक आणि बोभाट : प्रभावळीच्या सुभेदारास लिहिलेल्या पत्राचे एक वाचन

जानेवारी १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक व तेथील कारकून यांस पाठविलेले पत्र मराठी गद्याच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. परंतु त्याची प्रसिद्धी जवळजवळ सर्वस्वी एका वाक्यावर उभी आहे. अपराधी चाकर ब्राह्मण आहे म्हणून त्याची भीड कोण धरणार, असा प्रश्न त्या वाक्यात केलेला आहे. त्या प्रश्नाभोवती गेले शतकभर जो वाद झाला, त्यात एका पक्षास महाराजांच्या निःपक्षपाती न्यायाचा पुरावा मिळाला आणि दुसऱ्या पक्षास जातिविषयक इतिहासाचे एक शस्त्र मिळाले. दोन्ही पक्षांनी पत्राचे वाचन मात्र तेथेच संपविले. वस्तुतः पत्राचा विषय न्याय नव्हे आणि जातही नव्हे. मंजूर झालेले व प्रत्यक्षात न दिलेले एक सरकारी देणे, हा त्याचा विषय आहे. सार्वजनिक पैशाच्या व्यवहारावर लिहिलेले इतके तीव्र आणि इतके जाणते गद्य मराठीत विरळाच. म्हणून ते त्या अंगाने एकदा वाचून पाहणे अगत्याचे आहे.

प्रसंग असा. मुरूडसमोरील समुद्रात, जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्यासाठी, कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला जात होता. त्याच्या साहाय्यास आरमार जावयाचे होते आणि आरमाराचे सरदार दौलतखान व दर्यासारंग यांस रोख रक्कम व धान्य मिळावे म्हणून मोरोपंत पेशव्यांनी प्रभावळी सुभ्यावर वराता दिल्या होत्या. वरात म्हटले की आजच्या वाचकाच्या कानी प्रथम लग्नाची वाजंत्री येते; जमाबंदीच्या भाषेत मात्र वरात म्हणजे अमक्या महालाच्या वसुलातून अमक्यास इतके द्यावे असा लेखी हुकूम. पैसा जमा होणार दक्षिण कोकणात आणि त्याची गरज कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावर. या दोहोंमधील अंतर वरातेने भरून काढावयाचे होते. सुभेदाराने वराता पाहिल्या, आणि काहीच पोहोचविले नाही.

येथून पुढे पत्र असाधारण होते. सुभेदाराने पैसा खाल्ला, असा आरोप प्रारंभी कोठेही नाही. महाराज प्रथम त्या माणसाच्या मनातील हिशेब मांडतात : हाच ऐवज आरमारास देण्याऐवजी खजिन्याकडे रसद म्हणून पाठविला, तर तो आपल्या नावे मजरा पडेल, म्हणजे जमेस धरला जाईल, आणि धनी प्रसन्न होईल, असे त्यास वाटले असावे. देणे चुकते केले तर शिल्लक कमी दिसते. देणे दाबून ठेवले तर शिल्लक वाढते आणि कारभारी दक्ष ठरतो. कारकुनी स्वभावाचे इतके अचूक निदान आजच्या लेखापरीक्षणाच्या अहवालातही सहसा सापडत नाही. निदान झाल्यावर त्याचे फळ दाखविले आहे : तिकडे हबशी पद्मदुर्गास चारही बाजूंनी जेर करीत असतील, आणि इकडे ऐवजाअभावी आरमार खोळंबेल. हे सांगून झाल्यावर मग संशय येतो. शत्रूने काही देऊन तुम्हास आपले चाकर तर केले नाही ना? हा संशय पुराव्याच्या बळावर केलेला नाही, हे पत्राच्या भाषेवरून स्पष्ट आहे. देणे अडवून ठेवण्यास सबळ कारण दिसत नसेल, तर पाहणारा लाचेचे कारण कल्पितो, एवढेच त्याचे स्वरूप आहे. विलंब आणि भ्रष्टाचार यांचे हे नाते नीट ध्यानी घेण्याजोगे आहे. कारण विलंब करणारा निर्दोष असला तरी संशयाची जागा तो स्वतःच निर्माण करतो.

भाषेच्या दृष्टीने पाहता या पत्रातील प्रत्येक क्रियापदास कर्ता आहे. मोरोपंतांनी दिल्या, तुम्ही पाठविले नाही, साहेब प्रसन्न होतील काय. याच्या शेजारी आजच्या नगरपालिकेच्या ठरावातील रूढ वाक्यरचना ठेवून पाहावी : देयक सादर करण्यात आले आहे, रक्कम अदा करण्यास मंजुरी देण्यात येत आहे, कार्यवाही करण्यात यावी. कोणी सादर केले, कोणी मोजले, कोणी अडविले, हे व्याकरणानेच बाहेर ठेवले आहे. ही रचना केवळ इंग्रजीच्या अनुकरणातून आली असे म्हणणे अपुरे होईल. ती सोयीची आहे म्हणून टिकली. कर्मणि प्रयोगात कोणाचीही जबाबदारी नाहीशी होते, आणि ती नाहीशी झाल्याचे कोणासही जाणवत नाही.

तथापि या पत्रात पारदर्शक कारभाराचा आदर्श शोधणे हा भाबडेपणा ठरेल. दौलतखान व दर्यासारंग हे राज्याचेच नोकर होते. आजच्या अर्थाने बाहेरचे पुरवठादार नव्हेत. त्याहून महत्त्वाचे असे की, प्रभावळीच्या रयतेस तिच्या वसुलातील किती धान्य कोणाच्या वरातेवर गेले हे पाहण्याचा कोणताही अधिकार नव्हता. उत्तरदायित्वाची दिशा एकच होती, ती खालून वर. आणि ती दिशासुद्धा कागदाने चालत नव्हती. देणे पोहोचले नाही हे राजधानीस कळले ते हिशेब तपासून नव्हे. पत्राची अखेरची ताकीद पाहिली तर त्यातील भर घेणाऱ्याच्या फिर्यादीवर आणि बोभाटावर आहे. घेणारा ओरडला तरच देणाऱ्याची चौकशी होते. घेणारा दुबळा असला, किंवा देणाऱ्याशी पुन्हा व्यवहार करण्याची त्यास गरज असली, तर बोभाट होत नाही.

बाहेरच्या माणसाकडून वस्तू घेण्याचा प्रश्न मराठी राजनीतीच्या गद्यात ठळकपणे येतो तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास, आणि तोही आरमाराच्याच प्रकरणात. जहाजबांधणीस लाकूड लागते. राज्यातील अरण्यातून सागवानादी घ्यावे तर हुजूरची परवानगी घ्यावी. अधिक लागेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे. परंतु आंबा, फणस इत्यादी रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेल्या झाडांस हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. या विवेचनाचा वृक्षरक्षणाचा अर्थ अलीकडे वारंवार सांगितला जातो आणि तो चूक नाही. परंतु त्याच ठिकाणी सरकारी खरेदीची एक कसोटी सांगितली आहे, तिकडे लक्ष गेलेले नाही. व्यवहार पुरा झाला हे ठरविणारा खरेदीदार नव्हे. विक्रेत्याचा संतोष ते ठरवितो. याच प्रकरणात आरमाराचा खर्च मुलखाच्या नेमलेल्या उत्पन्नातून व्हावा, बंदरांच्या आवकेवर तो टाकू नये, नाहीतर सावकारांस उपद्रव होतो, असेही बजावले आहे. अमात्य अर्धशतकाच्या अनुभवानंतर लिहीत होते. ज्यास मोबदला वेळेवर मिळत नाही तो सत्ताधारी स्वतःच मोबदला वसूल करू लागतो, हे त्यांनी पाहिले असले पाहिजे.

कंपनी सरकारच्या १८५० च्या कायद्यानंतर या किनाऱ्यावर नगरपालिका आल्या. पनवेलची १८५२ मध्ये स्थापन झाली. (पनवेल त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते, ते १८८३ मध्ये कुलाब्यात आले, कुलाब्याचे रायगड हे नामांतर १९८१ चे.) नगरपालिकेच्या रूपाने प्रथमच अशी संस्था आली की जिला स्वतःचे आरमार, स्वतःचे गवंडी, स्वतःचे रान नव्हते; दिवाबत्ती, गटारे, रस्ते, झाडलोट यांसाठी तिला मक्तेदाराकडे जाणे भाग होते. त्यावर नजर ठेवण्यासाठी कागदांची वाढ झाली. १९३० चा स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम, १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदांचा अधिनियम, १९७१ ची लेखा संहिता. आज एका गटाराचा पैसा शोधावयाचा तर अर्थसंकल्पातील शीर्ष एका ठिकाणी, निविदा व करारनामा दुसऱ्या ठिकाणी, अभियंत्याची मोजमाप पुस्तिका तिसऱ्या ठिकाणी, देयक व प्रमाणक लेखा शाखेत आणि रोकडवहीतील नोंद आणखी निराळी. यांपैकी कोणताही कागद गुप्त नाही. परंतु एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे जाण्याची वाट फक्त ते लिहिणाऱ्यासच ठाऊक असते. वरातेत देणारा, घेणारा, कारण आणि कोठून द्यावयाचे ते, हे एका पानावर होते. ती लहान राज्याची सोय होती आणि तिच्याकडे परत जाता येणार नाही, हे खरे. पण पाने वाढली तेव्हा ती शिवणारा दोरा कोणी घातला नाही, हेही तितकेच खरे.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा केंद्रीय अधिनियम (महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्यापूर्वी, २००२ चा) हा दोरा घालू पाहतो. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अंदाजपत्रक, योजित खर्च आणि दिलेल्या रकमांचे अहवाल, कोणी न मागता, प्रसिद्ध करावयाचे आहेत. शब्द पुरेसे व्यापक आहेत. अडचण अशी की शीर्षवार बेरजा छापूनही त्यांचे पालन झाल्याचे दाखविता येते. ‘रस्ते दुरुस्ती’ या शीर्षाखाली एक मोठा आकडा वाचून शहरातील कोणासही काही कळत नाही, कारण ओळखीचे असे त्यात काही नसते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून ज्या जनसुनावण्या घेतल्या त्यांचे सामर्थ्य नेमके येथे होते. हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. नाव उच्चारले जाताच तो माणूस त्या कामावर नव्हता, किंवा त्या विहिरीवर तेवढी वाळू आलीच नव्हती, हे सांगणारा समोर बसलेला होता. तपशील वाचला गेला तेव्हाच कागद बोलला. ज्यास ‘पारदर्शकता’ म्हणतात तिची ही खरी अट असून ती माहितीच्या प्रमाणावर अवलंबून नाही. देयकातील एखादे नाव, एखादी गल्ली, एखादे माप वाचकास ओळखता येते की नाही यावर ती अवलंबून आहे.

तरीही जनसुनावणीने उघड होते ती झालेली खोटी देणी. प्रभावळीचा अपराध या जातीचा नव्हता. तो न झालेल्या खऱ्या देण्याचा होता, आणि हा अपराध उघडकीस आणणे फार कठीण. त्याचे कारण हिशेबाच्या पद्धतीतच आहे. ज्या पद्धतीत रोख गेली तेव्हाच खर्च नोंदला जातो, त्या पद्धतीत न दिलेले देयक हिशेबातून नाहीसेच होते. मार्चअखेर कपाटात पडून असलेली बिले कोठेही दिसत नाहीत आणि शिल्लक सुरेख दिसते. सुभेदारास हवा असलेला मजरा तो हाच. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावलीने २००४ मध्ये उपार्जन पद्धती, म्हणजे देणे निर्माण होताच ते नोंदणे, पुरस्कारिली, ती ही पोकळी भरण्यासाठी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीचा २००६ चा अधिनियम आणखी पुढे जातो : सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावयाचे, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि राहिलेल्या रकमा वार्षिक हिशेबात दाखवावयाच्या. एवढे असूनही २०२५ साली महाराष्ट्रातील कंत्राटदार संघटनांना थकलेल्या देयकांसाठी आंदोलन करावे लागले. म्हणजे साडेतीनशे वर्षांनंतरही थकित देणे समाजास कळण्याचे साधन बोभाट हेच राहिले. कंत्राटदारांविषयी सहानुभूती बाळगण्याची सवय मराठी वाचकास नाही, आणि तिला कारणेही आहेत. परंतु कोणाचे देयक आधी निघावे आणि कोणाचे मागे राहावे हे जेथे अलिखित असते, तेथे प्रामाणिक पुरवठादार प्रथम बाहेर पडतो आणि उरतो तो ओळखीवर वाट काढणारा. त्याचा वाढीव दर शेवटी घरपट्टीतूनच जातो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. झाडे, विजेचे खांब, छपरे, पाण्याच्या योजना यांची कामे तेव्हा तातडीने काढावी लागली. अशा प्रसंगासाठी अधिनियमाने नगराध्यक्षास आणीबाणीचा अधिकार दिला आहे, आणि तो असावयासच हवा. पद्मदुर्गास वेढा पडला असता निविदेची मुदत पाहता आली नसती. १६७५ च्या पत्रात घाई आणि हिशेब यांचा विरोध नाही, ही गोष्ट या ठिकाणी उपयोगी पडते. वरात आधीच लिहिलेली होती, ती कोणी दिली हे माहीत होते, आणि घाईचे कारणही नोंदलेले होते. तातडीच्या कामाच्या कागदपत्रांत नेमके हे कारणच बहुधा एका शब्दात उरकलेले असते, आणि वर्षानंतर तो शब्द तपासावयास बसलेल्या लेखापरीक्षकासमोर त्या दिवसाचा वारा नसतो.

जुन्या पद्धतीच्या देयकाच्या तळाशी एक लहानसा चौकोन असे. महसुली तिकीट डकवून त्यावर घेणारा सही करी : रक्कम पावली. कित्येकदा तो तारीखही स्वतःच्या हाताने घाली. सबंध प्रकरणात बाहेरच्या माणसाचे म्हणणे उमटे ते बहुधा तेवढ्याच जागी, आणि देयकावरील तारखेशी ती तारीख ताडून पाहिली की मधले महिने मोजता येत. रक्कम आता थेट बँकेत जमा होते, ते सोयीचे आणि अधिक सुरक्षितही आहे. त्या चौकोनाची जागा मात्र बहुतेक नमुन्यांतून गेली.